मे महिन्यात वाझुकाला एक दिवस : सासू-सासरे, दहा वर्षांची मुलगी आणि चहाचे मळे

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. ३ ते ६ मे क्योटोत मुक्काम, सोबत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलगी दहा वर्षांची, सगळे शाकाहारी. रीलमध्ये बघितलेला तो गोल गोल रांगांचा चहाचा मळा बघायचाय. तर चहासाठी प्रसिद्ध उजी शहराला जावं की डोंगरातल्या वाझुका गावाला, एका दिवसात होतं का, आणि एवढ्या आडगावात म्हाताऱ्या माणसांना घेऊन जावं का?

मी ११ वर्षं नारात राहते, जपानी पुण्यात शिकले आणि इथं येऊन गाइडचं काम करते, बहुतेक आपल्याकडच्या फॅमिली. वाझुकाला किती वेळा गेले याचा हिशोब नाही, पण ऊन, पाऊस, थंडी सगळ्यात गेलेय. एका दिवसात नक्की होतं. सकाळी आठला क्योटोतून निघालात तर संध्याकाळी सहाच्या आत हॉटेलवर परत. अंतराची काळजी करूच नका.

मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. तुम्ही जी लिस्ट दिलीय त्यात पाच व्ह्यू पॉइंट आहेत आणि प्रत्येकाला अर्धा तास. म्हणजे मुन्नारला कसं गाडी थांबते, उतरायचं, फोटो काढायचे, पुढे निघायचं, तसं. वाझुका तसं नाहीये हो. साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे, नदीकाठी एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि मळे त्या डोंगरांवर पार माथ्यापर्यंत चढवलेले. एका टोकाचा मळा आणि दुसऱ्या टोकाचा मळा यात कित्येक किलोमीटर आणि भरपूर चढ. बस साधारण तासाला एक, सुट्टीच्या दिवशी त्याहून कमी. पाच पॉइंट करायला गेलात तर दिवस बसस्टॉपवर जाईल आणि सासूबाई दुसऱ्याच पॉइंटला बसून घेतील. म्हणून माझं म्हणणं असं की त्या दिवसाचा खुंटा एकच ठेवा, एखाद्या चहावाल्या शेतकऱ्याकडे दोन-तीन तास. बाकीचं त्याच्या आजूबाजूला जमलं तर जमलं.

आता उजी की वाझुका. उजी क्योटोहून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत येतं, सपाट आहे, ब्योदोइन मंदिराचं १०५३ सालचं फिनिक्स हॉल आहे (दहा येनच्या नाण्यावर असतं ते), पुलापाशी ११६० पासून चालत आलेलं चहाचं दुकान आहे, माचाचं (म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचं) आइस्क्रीम पावलोपावली. सगळं छान, पण मळे म्हणाल तर शहर वाढल्यामुळे तिथं आता थोडेच राहिलेत आणि तेही घरांच्या मधे. उजी हे चहाच्या बाजाराचं गाव. २००४ साली क्योटोच्या चहा व्यापाऱ्यांनी ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे क्योटो, नारा, शिगा आणि मिए या चार प्रिफेक्चरमधला (म्हणजे प्रांतांतला) चहा क्योटोच्या व्यापाऱ्याने क्योटोत तयार केला की तो उजी चहा. आणि क्योटो प्रिफेक्चरमधला जवळपास निम्मा चहा या एवढ्याशा वाझुकात पिकतो. पिढ्यानपिढ्या इथले लोक चहा पिकवतायत आणि डब्यावर नाव उजीचं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं. हल्ली वाझुकाचं नाव लिहून विकणारे शेतकरी दिसतात आणि ते बघून खरंच बरं वाटतं.

सासूबाईंना दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवत नसेल आणि गाडीची सोय होणार नसेल तर उजीला जा, मनात काही ठेवू नका. पण थोडं थोडं चालत थांबत जमत असेल तर वाझुका. कारण तुम्हाला बघायचेत मळे, आणि मळे तिथं आहेत.

तारखांबद्दल जरा नीट सांगते, कारण इथं लोक फसतात. ३, ४ आणि ५ मे या तिन्ही दिवशी जपानात सरकारी सुट्टी असते, गोल्डन वीक. याचा पहिला परिणाम म्हणजे बस सुट्टीच्या टाइमटेबलने धावते, मग तो दिवस मंगळवार का असेना. एकदा मी स्वतः सातजणांच्या फॅमिलीला घेऊन ४ मेला कामो स्टेशनवर (वाझुकाची बस इथून सुटते) उतरले आणि वर्किंग डेच्या रकान्यातली वेळ डोक्यात धरलेली. बस गेलेली, पुढची सव्वा तासाने, सोबत ७८ वर्षांच्या आजी. आजी काही बोलल्या नाहीत, पण मला अजून तो बाक आठवतो. तेव्हापासून बसस्टॉपवरच्या पाटीवर ‘दो-निचि-शुकु’ म्हणजे शनिवार-रविवार-सुट्टी हा रकाना आधी शोधते. तुम्ही पण तो बघा, आणि परतीच्या बसच्या पाटीचा उतरल्या उतरल्या फोटो काढून ठेवा.

दुसरं म्हणजे पहिल्या तोडणीचा काळ. जपानी पंचांगात वसंत सुरू झाल्यापासून ८८ वी रात्र मोजतात, ती २ मेच्या आसपास येते, आणि ती चहा तोडणीची परंपरागत वेळ. वाझुका डोंगरात असल्यामुळे तिथं जरा उशिरा, मेच्या पहिल्या आठवड्यात काही मळे सुरू झालेले, बरेचसे अजून पालवी वाढायची वाट बघतायत. म्हणजे तुमच्या तारखांना तो पोपटी रंग मिळणार, जो वर्षात जेमतेम दोन-तीन आठवडे असतो. चहाचं झाड बारमाही हिरवंच, जानेवारीत गेलात तरी हिरवं, पण तो गडद, आंब्याच्या जून पानासारखा हिरवा. मेमधला म्हणजे नुकत्याच फुटलेल्या पालवीचा.

पण एक मनाची तयारी ठेवा. काही मळे काळ्या जाळीखाली झाकलेले असतील. लोक लांबून येतात, काळं प्लास्टिक बघून हिरमुसतात, मला विचारतात की काही कामबिम चाललंय का. तर ती जाळी हाच इथल्या चहाचा जीव आहे. पानाला ऊन लागलं की त्यातला गोडसर चवीचा अंश, थिआनिन म्हणतात त्याला, तो कमी होऊन तुरटपणा वाढतो. म्हणून तोडणीआधी सावली करतात, ग्योकुरो या उंची चहाला आणि माचासाठी लागणाऱ्या तेंचा पानाला साधारण तीन आठवडे, काबुसेचा नावाच्या चहाला त्याहून कमी. पान सावलीत आणखी हिरवं आणि मऊ होतं. गेल्या दोन-तीन वर्षांत जगभर माचाची मागणी वाढलीय, त्यामुळे पूर्वी सेंचा म्हणजे रोजचा हिरवा चहा करणारे बरेच जण तेंचाकडे वळलेत आणि साहजिकच जाळ्याही वाढल्यात. मुलीला जाळीजवळ नेऊन आतलं पान आणि बाहेरचं पान यांचा रंग रस्त्यावरूनच दाखवा, तिला लगेच कळेल.

मळ्यात मधे मधे उंच खांबांवर पंखे दिसतील, सासरे नक्की विचारतील म्हणून सांगते. ते हवा खेळवायला नाहीत, दहिवरापासून वाचवायला आहेत. एप्रिलमध्ये रात्री जमिनीलगत गारठा बसतो आणि वरची हवा त्यामानाने उबदार असते, पंखा ती वरची हवा खाली ढकलतो. नाहीतर एका रात्रीत कोवळी पालवी करपते आणि त्या शेतकऱ्याचं वर्षाचं सगळ्यात महागडं पीक जातं. द्राक्षाच्या भागातल्या माणसाला हे वेगळं समजावायला लागत नाही, तुम्ही नाशिकच्या आहात.

जायचं कसं. क्योटोहून जेआर नारा लाइनने किझु, तिथं गाडी बदलून एकच स्टेशन पुढे कामो. बदलण्यासकट साधारण तास लागतो. नारात मुक्काम असता तर १५ मिनिटांचं काम, ओसाकाहूनही कामोला थेट रॅपिड असते. कामोहून नारा कोत्सूची बस, वीस मिनिटांच्या आत-बाहेर, इकोका (ट्रेन-बसचं प्रीपेड) कार्ड चालतं. बस गाव सोडून नदीच्या कडेने वळायला लागली की मग उजवी-डावीकडे चहा सुरू होतो, सासऱ्यांना खिडकी द्या. कामोला टॅक्सी असते पण मोजक्याच, आणि वाझुकात रस्त्यावर हात करून टॅक्सी मिळेल ही आशा ठेवू नका, हॉटेलमधून फोन करवून आधी ठरवा. तुमच्या केसमध्ये मी म्हणेन जाताना बस, आणि गावातल्या गावात मळ्यापर्यंत जायला दोन-तीन तासांची ठरवलेली टॅक्सी. एका टॅक्सीत पाच जण बसत नाहीत, चारच बसतात, त्यामुळे मोठी गाडी मागा नाहीतर तुमच्यापैकी एकाने मुलीला घेऊन ई-बाइक घ्या. गावात भाड्याने मिळते, चढाला जाणवत नाही. पण मुलीच्या उंचीची सायकल आहे का ते आधी विचारा. गाडी स्वतः चालवायची असेल तर आपलं इंटरनॅशनल परमिट जपानात चालतं आणि गाड्याही डावीकडूनच, पण मळ्यातले रस्ते एका गाडीचे आहेत आणि मेमध्ये समोरून पानाच्या गोण्या भरलेला छोटा ट्रक येतो, मग अर्धा किलोमीटर रिव्हर्स तुम्हालाच घ्यावा लागतो. सवय असेल तरच.

आता तो खुंटा. वाझुकात काही शेतकरी आणि चहाच्या कंपन्या पाहुण्यांना मळा दाखवून चहा पाजतात, इंग्रजीतही करतात. बुकिंग आजच करा, कारण मेमध्ये हेच लोक वर्षातलं सगळ्यात जास्त काम करत असतात आणि जागा थोड्या. पान तोडल्यावर थांबता येत नाही, ते काळं पडायला लागतं, म्हणून त्याच दिवशी वाफवायला जातं. रात्री अकरा वाजता सुद्धा गावातल्या कारखान्यांचे दिवे चालू असतात आणि सगळ्या रस्त्याला तो वास येतो, अळूची पानं वाफवताना येतो ना तसा, फक्त जरा गोड. आपला आसामचा चहा आणि हा, झाड एकाच जातीचं. आपण पान मुद्दाम काळं पडू देतो, हे लोक वाफ देऊन ते थांबवतात. वाफवून, मळून, वाळवायची ही पद्धत १७३८ मध्ये शेजारच्याच उजितावारात नागातानी सोएन या शेतकऱ्याने बसवली, आज जपानात जो सेंचा पितात तो तिथून आलेला.

नशीब असेल तर तोडणी चालू दिसेल. दोघंजण रांगेच्या दोन बाजूंना, मधे कमानीसारखं यंत्र दोघांनी धरलेलं, आणि मागे लांबलचक पांढरी पिशवी. पाती फिरतात, पान हवेने पिशवीत उडतं, आणि रांग संपेपर्यंत ती पिशवी अजगरासारखी फुगते. दोघांची पावलं एकाच वेगाने पडावी लागतात, एक पुढे गेला तर काप तिरपा जातो. बहुतेक वेळा ते नवरा-बायको असतात, न बोलता चालतात. मी कितीही वेळा बघितलं तरी थांबून बघते. रांगांचा माथा गोलसर दिसतो तोही या यंत्राच्या कमानीमुळे.

चहा पाजतात त्याबद्दल सासू-सासऱ्यांना आधी सांगून ठेवा की दूध-साखर नाही, मागायचीही नाही. उकळतं पाणी आधी एका भांड्यात, मग कपात, असं ओतत ओतत थंड करतात, दर वेळी साधारण दहा डिग्री उतरतं. सत्तर-ऐंशीला आलं की पानावर घालायचं आणि मिनिटभर शांत बसायचं. ओतताना एक कप भरून दुसरा नाही, सगळ्या कपांत थोडं थोडं, परत उलट्या क्रमाने थोडं थोडं, म्हणजे कडकपणा सगळ्यांना सारखा. शेवटचा थेंब पडेपर्यंत किटली उलटी धरून ठेवतात, कारण चव त्याच थेंबांत असते. पहिला घोट घेऊन आपल्याकडची मोठी माणसं नेहमी म्हणतात, हे तर भाजी उकडलेलं पाणी. मी म्हणते, गिळू नका लगेच, जिभेवर ठेवा. मग मागून कोवळ्या मटारासारखी गोडी येते. तरी नाही आवडलं तर होजिचा मागा, भाजलेल्या पानांचा, खमंग, कमी कडू, आमच्या सगळ्या आज्यांना तोच आवडलाय. उरलेलं पान पॉन्झु (लिंबासारख्या आंबट फळांचा सोया सॉस) घालून खायला देतात, त्यात मासा नाही ना ते विचारून मुलीला खायला लावा. पान खुडायला मिळालं तर एक कळी दोन पानं एवढंच खुडायचं, जपानीत ‘इश्शिन नियो’, आपल्या आसामातही हेच मोजमाप.

इथं एकदा उजळणी करते. आधी शेतकऱ्याकडचं बुकिंग, त्यावरून बस, त्यावरून ट्रेन, या क्रमाने ठरवा. साडेदहाचं सेशन धरा, साडेबारापर्यंत तिथंच, मग जेवण, मग एकच मळा, तीन-साडेतीनची बस.

तो एक मळा कुठला. गोल रांगांचा जो तुम्ही बघितलाय तो हारायामाला, गावाच्या वरच्या अंगाला. या भागात चहा तिथूनच सुरू झाला असं मानतात, कामाकुरा काळात (बारावं ते चौदावं शतक) जिशिन नावाच्या भिक्षूला म्योए या दुसऱ्या भिक्षूकडून बिया मिळाल्या आणि त्याने त्या जुबु डोंगराच्या पायथ्याशी लावल्या. तिथं टॅक्सीनेच जा, चढ सासूबाईंना जमणार नाही. ते गावापासून बाजूला पडतं, आणि तुम्हाला तेच हवं असेल तर जाच. पण मला विचाराल तर मी तुमच्या मंडळींना इशिदेराला नेईन. समोर अख्खा उतार, रांगांवर रांगा, खालून वर बघत बसायचं. आणि जाता-येता रस्त्यावरून राजपुत्र आसाकाची समाधी दिसते, तिकडे नक्की बघा. सम्राट शोमुचा मुलगा, ७४४ साली अवघ्या सतराव्या वर्षी गेला, तेव्हा जपानची राजधानी इथून जवळच कामोला होती. कवी ओतोमो नो याकामोचीने त्याच्यावर लिहिलेल्या शोकगीतांत वाझुकाच्या डोंगराचं नाव आहे. छोटी टेकडी, वर झाडांचा झुपका आणि खाली चहूबाजूंनी चहाच्या रांगा. त्या रांगा कापणारी माणसं आजही टेकडीला वळसा घालून कापतात. सासऱ्यांना इतिहासाची आवड आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यांना तिथं जरा वेळ द्या.

मळ्यात आत शिरू नका, हे हात जोडून सांगते. बांध दिसतो, रस्ता वाटतो, पण ते शेत आहे. तुमच्या चपलेला दुसऱ्या शेतातली कीड-रोग लागून येऊ शकते, आणि कोवळ्या पालवीवर टेकून फोटो काढला तर तेवढं पीक गेलं. फोटोत कामाची माणसं येत असतील तर आधी खूण करून विचारा. नाही म्हणत नाहीत बहुतेक, पण विचारलेलं त्यांना आवडतं.

खाण्याचं. गावात चार-दोन ठिकाणं आहेत, चहाचे नूडल्स म्हणजे चासोबा मिळतील, पण त्याच्या रश्शात माशाचा दाशी (अर्क) बहुतेक असतोच, वर मासा दिसला नाही तरी. शुद्ध शाकाहारी असाल तर भरवशावर राहू नका. या नारा-क्योटो सीमेच्या भागात चहात शिजवलेली भाताची पेज करतात, चागायु, ती कुठं मिळाली तर बिनधास्त खा, फक्त सोबतचं लोणचं विचारून. बाकी क्योटो स्टेशनवरून मिठाचे ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे, फळं, आणि तुमच्याकडे दशम्या-चटणी असेलच. खाण्याआधी तिथल्या माणसाला विचारून बसा आणि कचरा परत पिशवीत, कचऱ्याचे डबे शोधून सापडत नाहीत. रोख येन ठेवा, छोट्या ठिकाणी कार्ड घेत नाहीत.

पाऊस आला तर तोडणी होत नाही, ओलं पान तोडत नाहीत. पण घरातलं सेशन होतं, आणि डोंगरात ढग उतरलेले मळे उन्हापेक्षा सुंदर दिसतात असं माझं मत आहे. सासूबाईंसाठी मात्र ओल्या उतारावर अजिबात नको, त्या दिवशी फक्त सेशन आणि चाकाफे, म्हणजे गावातलं वाझुका चाकाफे, तिथं बऱ्याच शेतकऱ्यांचे चहा एका ठिकाणी ठेवलेले असतात. घ्यायचा तर तिथून घ्या, पन्नास किंवा शंभर ग्रॅमचीच पाकिटं. फोडल्यावर महिन्यात संपवायचा आणि घट्ट डब्यात ठेवायचा, मसाल्याच्या कपाटात तर नकोच, हा चहा शेजारचा वास दोन दिवसांत ओढून घेतो. घरचं पाणी जड असेल तर फिल्टरचं वापरा, नाहीतर इथं प्यायलेली चव तिथं लागणार नाही आणि तुम्हाला वाटेल फसवलं.

शेवटी सासूबाईंच्या गुडघ्यांचं. बऱ्याच घरांत तातामीवर (गवती चटईवर) खाली बसवतात. बुकिंग करतानाच लिहा की एक खुर्ची लागेल, आणि तिथं गेल्यावर हे वाक्य मुलीकडून बोलवून घ्या, ती चटकन पाठ करेल : ‘हिझा गा इताई नोदे, इसु ओ ओनेगाई शिमासु’, गुडघे दुखतात, खुर्ची द्या. मी एका आजींच्या नातवाकडून हे म्हणवून घेतलं होतं, तर त्या घरातल्या आजी आतून स्वतःची खुर्ची घेऊन आल्या आणि तिच्यावर उशी ठेवून दिली. त्यांचेही गुडघे दुखत होते. मग दोघी तासभर शेजारी बसल्या, एकीला मराठी आणि एकीला जपानी, आणि चहा संपल्यावरही उठेनात.